चौसष्ट घरांतील दाणे

मुलांनो, खाली एक संख्या दिली आहे. आधी ती नीट पाहा.

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

या संख्येत वीस अंक आहेत. ही संख्या मोठ्याने वाचून दाखवा, असे मी वर्गात म्हटले की मुले कोटीपर्यंत बरोबर येतात आणि मग एकमेकांकडे पाहू लागतात. खरे म्हणजे तुम्हांला ती वाचता आली पाहिजे, कारण मोठ्या संख्यांची नावे आपल्या घरातील वडीलधारी माणसे अजूनही घेतात. हजार, लाख, करोड, अरब, खरब, नील, पदम, संख. प्रत्येक नाव आधीच्या नावाच्या शंभर पट आहे. फक्त हजार आणि लाख यांच्या आधीचा हिशेब तुम्हांला पाठच आहे. या नावांनी वाचले तर आपली संख्या अशी होते : १८४ संख, ४६ पदम, ७४ नील, ४० खरब, ७३ अरब, ७० करोड, ९५ लाख, ५१ हजार, ६१५.

मराठीत वाचताना मात्र जरा सांभाळा. उर्दूतील अरब म्हणजे मराठीतील अब्ज. पण उर्दूतील खरब म्हणजे मराठीतील खर्व नव्हे! मराठीत जुन्या पद्धतीप्रमाणे अब्जापुढचे प्रत्येक नाव दहा पट असते. दहा अब्ज म्हणजे एक खर्व आणि दहा खर्व म्हणजे एक निखर्व. म्हणून आपला खरब हा मराठीतील निखर्व आहे. ही दहा पटींची नावे भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात दिली आहेत. याच ‘लीलावती’चे अकबराच्या दरबारातील कवी फैजी यांनी १५८७ साली फारसीत भाषांतर केले. भास्कराचार्यांची यादी एकापासून सुरू होते आणि अठराव्या स्थानी ‘परार्ध’ या नावापाशी संपते. आपली संख्या वीस अंकी आहे. म्हणजे यादीतील शेवटचे नाव घेऊनही ती संपत नाही. १८४ परार्ध म्हणून पुढे जावे लागते.

ही संख्या आली कोठून? तुम्ही बुद्धिबळाचा पट पाहिला असेल. त्यावर आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरे, अशी चौसष्ट घरे असतात. हा खेळ हिंदुस्थानातला. येथे त्याचे नाव चतुरंग होते. इराणात त्याचे चत्रंग झाले, अरबांनी त्याला शतरंज म्हटले आणि त्याच नावाने तो आपल्या घरी परत आला.

या खेळाविषयी एक जुनी कथा आहे. सिस्सा नावाच्या एका शहाण्या माणसाने हा खेळ रचला आणि राजाला दाखवला. राजा खूश झाला. म्हणाला, “काय हवे ते माग.” सिस्सा म्हणाला, “महाराज, पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा. दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. असे दर घरी दुप्पट करत चौसष्ट घरे भरून द्या.” राजाला ही मागणी फारच क्षुल्लक वाटली. त्याला थोडा रागही आला. पण कारकुनांनी हिशेब केला आणि येऊन सांगितले, की एवढा गहू राज्यात नाही. ही कथा आहे, इतिहास नव्हे. शिहराम नावाचा तो राजा कोणत्या गावी राज्य करत होता, हे शोधत बसू नका. पण कथेतील संख्या मात्र खरी आहे आणि ती वर दिलेलीच संख्या आहे.

ही कथा ज्यांच्या ग्रंथात सविस्तर आली आहे, त्या लेखकाचे नाव इब्न खल्लिकान. ते १२११ साली अर्बील येथे जन्मले आणि पुढे दमास्कस शहराचे काझी झाले. ‘वफयातुल आयान’ हा त्यांचा ग्रंथ थोर माणसांच्या चरित्रांचा आहे. त्यात अस्‌-सूली या प्रसिद्ध शतरंज खेळाडूच्या चरित्रात त्यांनी ही कथा सांगितली आहे. मला या ग्रंथातील सर्वांत आवडलेली गोष्ट कथेच्या नंतर येते. इब्न खल्लिकान कबूल करतात, की या हिशेबावर आपला विश्वास नव्हता. एवढे मोठे विद्वान, न्यायाधीश; पण त्यांना वाटले, चौसष्ट घरांत एवढे दाणे कसे मावतील? लोक फुगवून सांगत असतील.

मग त्यांना अलेक्झांड्रिया शहरातील एक हिशेबनीस भेटला. त्याचे नाव ग्रंथात नाही. त्याने वाद घातला नाही. एक कागद घेतला आणि दुप्पट करत सोळाव्या घरापर्यंत आला. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे येतात. तो म्हणाला, की एवढे दाणे एका कदहात मावतात. आपण स्वतः मोजून पाहिले आहे. कदह हे मिसर देशातील धान्य मोजण्याचे एक लहान माप. आता दाणे मोजायचे कारण उरले नाही. पुढे कदहच दुप्पट करायचे. विसाव्या घरात सोळा कदह झाले, म्हणजे एक वैबा. सहा वैबांचा एक इर्दब. असे मोठे मोठे माप घेत तो चाळिसाव्या घरात आला, तेव्हा १,७४,७६२ इर्दब झाले. एवढे धान्य म्हणजे एक भरलेले कोठार धरू या, असे तो म्हणाला. मग पन्नासाव्या घरात १,०२४ कोठारे झाली. एवढी कोठारे असलेले एक शहर धरले, तर चौसष्टाव्या घरात १६,३८४ शहरे झाली. आणि जगात याहून जास्त शहरे नाहीत, हे तुम्हांला ठाऊकच आहे, असे म्हणून त्याने कागद पुढे केला. काझींना पटले. आपल्याला आधी पटले नव्हते, हेही त्यांनी लपवले नाही.

या हिशेबनिसाची युक्ती आम्ही आमच्या वर्गात करून पाहिली. मुलांनी गव्हाचे एक हजार दाणे मोजले आणि ते किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. वजन भरले सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला साधारण पंचवीस दाणे. या मापाने सोळाव्या घरात सव्वा किलोहून थोडा जास्त गहू येतो. एका घरातील दोन दिवसांच्या पोळ्यांचा गहू! विसाव्या घरात २१ किलो होतो. आता पटाचा अर्धा भाग, म्हणजे पहिली ३२ घरे एकत्र घ्या. त्यांतील सर्व दाणे मिळून ४,२९,४९,६७,२९५ होतात. त्यांचे वजन सुमारे १७२ टन. दहा टनांचे सतरा-अठरा ट्रक भरतील. कोणत्याही राजाला एवढा गहू जड नाही. त्यामुळे अर्धा पट भरेपर्यंत राजा हसतच असणार.

पण दुसरा अर्धा पट पहिल्या अर्ध्या पटाच्या दुप्पट नाही, दहा पट नाही, हजार पटही नाही. तो ४,२९,४९,६७,२९६ पट आहे. पूर्ण पटाच्या गव्हाचे वजन सुमारे ७३,७८७ कोटी टन होते. अलीकडच्या वर्षांत साऱ्या जगात मिळून वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. सगळ्या जगाने एकही पोळी न खाता आपला गहू सिस्साला द्यायचा ठरवले, तरी नऊशे वर्षांहून अधिक काळ लागेल.

आता संख्येकडे वळू. चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज करायची, तर चौसष्ट संख्या एकाखाली एक लिहायच्या का? तसे करण्याची गरज नाही. शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणा. तो पहिल्या घरातील एका दाण्यात मिळवा. दोन झाले. दुसऱ्या घरात दोनच आहेत. ते मिळवा, चार झाले. तिसऱ्या घरात चार आहेत. मिळवा, आठ झाले. प्रत्येक वेळी हातातील दाणे पुढच्या घराएवढेच होतात. शेवटच्या घरापर्यंत असे गेलो की हातात दोनचा चौसष्टावा घात एवढे दाणे येतात. मग शेजाऱ्याचा दाणा परत करा. म्हणून एकूण दाणे म्हणजे दोनच्या चौसष्टाव्या घातापेक्षा एक कमी. यावरून आणखी एक गोष्ट दिसते. शेवटच्या एका घरात जेवढे दाणे आहेत, ते आधीच्या त्रेसष्ट घरांतील सर्व दाण्यांपेक्षा एकाने जास्त आहेत.

पण दोनचा चौसष्टावा घात काढायचा कसा? साध्या कॅल्क्युलेटरवर दुप्पट करत जा. थोड्याच वेळात त्याची जागा संपते. मोठा कॅल्क्युलेटर पहिले काही अंक दाखवतो आणि बाकीचे सोडून देतो. एका मुलाने सोडलेल्या अंकांच्या जागी सरळ शून्ये लिहून आणली होती! येथे कागद-पेन्सिलच उपयोगी पडते, आणि रीत आहे अल्‌-बेरुनी यांची. अबू रैहान अल्‌-बेरुनी हे ९७३ साली ख्वारिझ्म येथे जन्मलेले थोर विद्वान. हिंदुस्थानावरील त्यांच्या ग्रंथामुळे तुम्ही त्यांचे नाव इतिहासात वाचले असेल. त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, त्यांनी ‘आसारुल बाकिया’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी पटावरील दाण्यांचा हिशेब केला आहे.

त्यांचा नियम असा : एखाद्या घरातील दाण्यांचा वर्ग करा. ते घर पहिल्या घरापासून जितके दूर आहे, तितकेच आणखी पुढे जा. तेथे बरोबर त्या वर्गाएवढे दाणे असतात. पाचव्या घरात १६ दाणे आहेत. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे पुढे आहे. आणखी चार घरे पुढे गेलो की नववे घर येते. १६ चा वर्ग २५६, आणि नवव्या घरात २५६ दाणेच आहेत. मग चौसष्ट वेळा दुप्पट कशाला करायची? दुसऱ्या घरापासून निघा आणि फक्त वर्ग करत चला :

२, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६

सहा गुणाकार आणि काम झाले. ही दाने आहेत दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, नवव्या, सतराव्या, तेहेतिसाव्या आणि पासष्टाव्या घरातील. पासष्टावे घर पटावर नाही. ते मनात धरायचे. त्यातून उसना दाणा वजा केला की आपली संख्या मिळते. शेवटचा गुणाकार दहा अंकी संख्येचा दहा अंकी संख्येशी आहे. तो एकदा तरी हाताने करून पाहा. एक संपूर्ण तास जातो, पण तो तास वाया जात नाही.

मी हा गुणाकार फळ्यावर केला, त्या दिवशीची गोष्ट सांगतो. शेवटचा अंक लिहून मी मुलांकडे वळलो आणि अभिमानाने म्हणालो, “ही पाहा, पटावरील सर्व दाण्यांची बेरीज!” तिसऱ्या बाकावरील एका मुलीने हात वर केला.

“सर, ही संख्या जुफ्त आहे.”

“मग?”

“पहिल्या घरात एकच दाणा आहे. बाकीच्या सगळ्या घरांत जुफ्त दाणे आहेत. बेरीज ताक यायला पाहिजे.”

मी फळ्याकडे पाहिले. उसना दाणा परत करायचा मी विसरलो होतो. फळ्यावर शेवटी ६१६ होते. तिने एकही गुणाकार केला नव्हता, माझे वीस अंकही तपासले नव्हते. फक्त पहिल्या घरातील एका दाण्याकडे पाहिले होते. मी फळा पुसायचे कापड घेतले, शेवटचा सहा पुसला आणि तेथे पाच लिहिला. त्या दिवशी वर्गात माझ्यापेक्षा तिचे गणित पक्के होते.

ती बोलताना उर्दू शब्द बोलली. मराठीत जुफ्त म्हणजे सम आणि ताक म्हणजे विषम. परीक्षेत मराठीत उत्तर लिहिताना ‘संख्या ताक आहे’ असे लिहू नका. मराठीत ताक पितात!

आता या संख्येच्या पोटात काय आहे ते पाहू. तिच्या शेवटी ५ आहे, म्हणून तिला ५ ने भाग जातो. सर्व अंकांची बेरीज ८७ येते. ८७ ला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही ३ ने भाग जातो. ८७ ला ९ ने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही जात नाही. इथपर्यंत सर्वांना जमेल. पुढचे अवयव शोधायला मात्र बीजगणितातील एक सूत्र हाताशी घ्या. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले वजाबाकी. आपली संख्या ४,२९,४९,६७,२९६ च्या वर्गातून १ वजा करून मिळाली आहे. १ हाही वर्गच आहे. म्हणून आपली संख्या म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ गुणिले ४,२९,४९,६७,२९५.

यांतील दुसरी संख्या पुन्हा ६५,५३६ च्या वर्गातून १ वजा करून येते. तिचे अवयव ६५,५३७ आणि ६५,५३५. पुढे ६५,५३५ चे अवयव २५७ आणि २५५. मग २५५ चे १७ आणि १५. आणि १५ चे ५ आणि ३. कांद्याची साल निघावी तशी एक एक पाकळी निघत जाते. हाती येतात त्या संख्या अशा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. यांतील पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय कोणीही भागू शकत नाही अशी संख्या. उर्दूत आपण तिला मुफरद अदद म्हणतो.

सहाव्या संख्येचे काय? फ्रान्समध्ये पिएर द फर्मा नावाचे एक कायदेपंडित होते. त्यांना गणिताचा छंद होता आणि तो छंद असा, की मोठमोठे गणिती त्यांच्या पत्रांची वाट पाहत. १६४० साली त्यांनी या मालिकेविषयी लिहिले. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या सर्व मूळ संख्या आहेत. त्याअर्थी पुढच्याही सर्व मूळ संख्याच असणार, असे त्यांचे मत होते. सिद्धता त्यांच्याजवळ नव्हती. पण फर्मांचे मत म्हणजे साधेसुधे मत नव्हे. शिवाय दहा अंकी संख्येला भागून पाहायचे कोणी?

भागून पाहिले लिओनार्ड ऑयलर यांनी, १७३२ साली. तेव्हा ते रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे होते आणि त्यांचे वय होते पंचवीस वर्षे. त्यांना आढळले, की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे. फर्मांची समजूत चुकीची ठरली. ऑयलर यांनी दिसेल त्या संख्येने भागाकार करण्याची गरज नाही, हेही पुढे दाखवले. या संख्येचा जो कोणी मूळ अवयव असेल, त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या लिहू लागा : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नातच उत्तर सापडते! नियम ठाऊक असला तर पाच भागाकार. ठाऊक नसला तर शंभराहून अधिक. ६७,००,४१७ ही मात्र मूळ संख्या आहे.

तेव्हा आपल्या संख्येचे सर्व मूळ अवयव असे आहेत : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकूण सात, आणि प्रत्येक एकदाच आलेला. या सातांतून हवे ते निवडून गुणाकार केले, की संख्येचे सर्व विभाजक मिळतात. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून दोनला सात वेळा गुणायचे. विभाजक होतात १२८. पटावरील सर्व गहू ६४१ माणसांत सारखा वाटला तर एकही दाणा उरत नाही. सात माणसांत वाटला तर एक दाणा उरतो.

फर्मांच्या मालिकेतील पुढच्या अनेक संख्या तपासल्या गेल्या आहेत. त्यांत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. सापडलेल्या पाच त्या पाचच, आणि त्या पाचही आपल्या गव्हाच्या पटात आहेत. त्यांचा भूमितीशीही संबंध आहे. १७९६ साली अठरा वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउस याने दाखवले, की सतरा समान बाजू आणि समान कोन असलेली आकृती फक्त कंपास आणि पट्टी वापरून काढता येते. दोन हजार वर्षांत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती या पाच मूळ संख्यांपैकी एखादी किंवा त्यांतील काहींचा गुणाकार असावी लागते. पाचांचा मिळून गुणाकार किती? ४,२९,४९,६७,२९५. हा आकडा तुम्ही आधी पाहिला आहे. अर्ध्या पटावर तेवढेच दाणे होते.

या पटाचा आणखी एक गुण. पटावरील काही घरे निवडा आणि त्यांतील दाणे एकत्र करा. अशा रीतीने एकापासून आपल्या मोठ्या संख्येपर्यंत कोणतीही संख्या तयार करता येते, आणि ती एकाच प्रकारे करता येते. १०० हवेत? ६४, ३२ आणि ४ असलेली घरे घ्या. १९४७ हवेत? १०२४, ५१२, २५६, १२८, १६, ८, २ आणि १. दुसऱ्या कोणत्याही घरांनी १९४७ होणार नाहीत. रीत सोपी आहे. मावेल ते सर्वांत मोठे घर आधी उचला, मग उरलेल्या संख्येसाठी पुन्हा तसेच करा. दुकानदार वजने टाकताना हेच करतो.

फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी १८८३ साली एक खेळणे काढले. त्यात तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या असतात. एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. या खेळण्याला काशीच्या मंदिरातील चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक कथाही जोडली गेली. काशीला जाऊन त्या चकत्या शोधू नका. पण चौसष्ट चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर न्यायला कमीत कमी किती वेळा हलवाव्या लागतात, ते शोधा. उत्तर आपल्या ओळखीचेच आहे. सेकंदाला एक चकती हलवली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे लागतील. आपल्या पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे.

आणि आजचा संगणक? तोही पटावरील घरांसारखाच मोजतो. त्याच्याजवळ फक्त दोन अंक असतात, १ आणि ०. घर घेतले तर १, सोडले तर ०. आजच्या बहुतेक संगणकांत एक पूर्ण संख्या ठेवायला चौसष्ट जागांचा गट वापरता येतो. चौसष्टही जागी १ आला, की ती बरोबर आपली संख्या असते. त्या गटात त्याहून मोठी मावत नाही. तीत एक मिळवून पाहा. पहिल्या जागी एक आणि एक मिळून दोन. तेथे शून्य, हातचा एक. दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच. शेजाऱ्याचा उसना दाणा असाच घराघरांतून पुढे जात होता. चौसष्टही जागी शून्ये येतात आणि हातचा एक पासष्टाव्या घरापाशी येऊन उभा राहतो. अल्‌-बेरुनींनी ते घर मनात धरले होते. संगणकाच्या त्या गटात ते नसते.

स्वाध्याय

१. राजाला सिस्साची मागणी क्षुल्लक का वाटली? अर्धा पट आणि पूर्ण पट यांच्या आधारे लिहा.

२. अलेक्झांड्रियाच्या हिशेबनिसाने इब्न खल्लिकान यांची खात्री कशी पटवली, ते तुमच्या शब्दांत सांगा.

३. फळ्यावरील संख्या चुकली आहे, हे मुलीने कशावरून ओळखले?

४. गव्हाऐवजी तांदळाचे एक हजार दाणे मोजून वजन करा आणि विसाव्या घरातील तांदूळ किती किलो होईल ते काढा.

५. ७८६ ही संख्या पटावरील कोणती घरे घेऊन तयार होते?

६. सम, विषम, मूळ संख्या, वर्ग, उसना, हातचा हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य मराठीत लिहा.